मार्जी मोरान यांच्यावर मराठीत लेख लिहायचा असेल तर

फिलिपाइन्सच्या मार्जी मोरान 21 जुलै 1973 रोजी अथेन्समध्ये मिस युनिव्हर्स झाल्या. वय वर्षं 19. मुकुट डोक्यावर राहिला वर्षभर. त्यानंतरच्या दशकांत त्यांनी बॅले संस्था चालवली, देशाच्या सांस्कृतिक केंद्राच्या विश्वस्त मंडळाचं प्रमुखपद सांभाळलं आणि मिंदानाओ बेटावर शांततेसाठी झटणाऱ्या स्त्रियांच्या गटात काम केलं. मराठीत मात्र अशा बाईंवर लेख आला की सगळी जागा मुकुट आणि गाऊन खाऊन टाकतात. शेवटी एक ओळ उरते: ‘पुढे त्यांनी स्वतःला समाजकार्यात झोकून दिलं.’ या ओळीतून वाचकाला काहीही कळत नाही. कुठलं कार्य, कुठल्या समाजात, कोणत्या पदावरून, हे सांगायचं असेल तर लेख कसा बांधावा ते इथे दिलं आहे.

आधी जागा वाटून घ्या. हजार शब्दांचा लेख असेल तर स्पर्धेला दीडशेपेक्षा जास्त शब्द देऊ नका. जन्म, घराणं, लग्न मिळून शंभर. कलासंस्थांना साडेतीनशे, शांतताकार्याला चारशे. ही वाटणी लिहायला बसण्यापूर्वी कागदावर मांडावी, कारण स्पर्धेची माहिती सहज मिळते आणि सहज मिळालेलं आपोआप फुगतं. शांतताकार्याची माहिती जमवायला वेळ लागतो, म्हणून तो भाग आधी लिहा आणि स्पर्धेचा परिच्छेद सगळ्यात शेवटी.

नाव आणि उच्चार

त्यांचं माहेरचं पूर्ण नाव मारिया मार्गारिता रोहास मोरान. मराठी लेखक इथेच घसरतो. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं, त्यामुळे ‘रोहास’ हे वडिलांचं नाव समजलं जातं. फिलिपिनो पद्धतीत मधल्या जागी आईचं माहेरचं आडनाव येतं. ‘मोरान’ वडिलांकडून आलं, ‘रोहास’ आईकडून. स्वतंत्र फिलिपाइन्सचे पहिले राष्ट्राध्यक्ष मानुएल रोहास हे त्यांचे आजोबा, अर्थात आईच्या बाजूचे. मराठीत ‘आजोबा’ म्हटल्यावर वाचक वडिलांचे वडील धरून चालतो, म्हणून ‘आईचे वडील’ असंच लिहा.

लग्नानंतर तिथे स्त्रीचं माहेरचं आडनाव मधल्या जागी सरकतं आणि आईचं आडनाव गळून पडतं. म्हणून नंतरच्या बातम्यांत त्या ‘मार्गारिता मोरान फ्लोइरेंदो’ दिसतात. या दोन वेगळ्या बायका नाहीत. लेखात पहिल्या उल्लेखाला दोन्ही रूपं द्या आणि पुढे एकच वापरा. 1973 बद्दल लिहिताना ‘मोरान’, संस्थांमधल्या कामाबद्दल लिहिताना ‘मोरान-फ्लोइरेंदो’ केलं तरी चालेल, पण मग ते सगळीकडे पाळा.

उच्चारात इंग्रजी स्पेलिंगकडे पाहून अक्षरं लावू नका. रोहास हे नाव ‘क्स’च्या अक्षराने लिहितात, पण स्पॅनिशकडून आल्यामुळे तिथे ‘ह’ ऐकू येतो. ‘रॉक्सास’ लिहिलं की फिलिपिनो माणसाला ते ओळखूही येणार नाही. त, द दंत्य आहेत: मिंदानाओ, दावाओ, फ्लोइरेंदो. डावाओ नाही. ‘मार्गारिता’त ग आहे, पण लाडक्या नावात तो ज होतो: मार्जी. राष्ट्रीय स्पर्धेचं नाव ‘बिनिबिनिंग पिलिपिनास’. ‘बिनिबिनी’ म्हणजे कुमारी, आणि शेवटचा अनुनासिक दोन शब्द जोडतो, त्याला स्वतःचा अर्थ नाही. ‘पिलिपिनास’मध्ये फ नाही. मात्र फिलिपाइन्स, मनिला ही नावं मराठीत रुळलेली आहेत, त्यांना हात लावू नका.

किताबाचं भाषांतर करू नका

‘विश्वसुंदरी’ हा शब्द आपल्याकडे मिस वर्ल्डला लावला जातो आणि मिस युनिव्हर्सलाही. कुणी दुसरीला ब्रह्मांडसुंदरी म्हणतं, कुणी म्हणत नाही. फिलिपाइन्सबाबत हा गोंधळ फारच महागात पडतो, कारण त्या देशाकडे अनेक स्पर्धांचे मुकुट आहेत. मिस युनिव्हर्स चार जणी: 1969 साली ग्लोरिया दियास, 1973 साली मार्जी मोरान, मग 42 वर्षांच्या खंडानंतर 2015 साली पिया वुर्ट्झबाख आणि 2018 साली कॅट्रिओना ग्रे. मिस वर्ल्ड 2013 साली मेगन यंग. आणि या सगळ्यांच्या आधी, 1964 साली, हेम्मा क्रूस मिस इंटरनॅशनल. मोरान ‘पहिल्या’ नाहीत, दुसऱ्या आहेत. किताबाचं मूळ नाव देवनागरीत लिहा आणि पुढे जा.

मुकुटानंतरच्या कामातही यांची सरमिसळ होते. हेम्मा क्रूस-आरानेता पुढे राष्ट्रीय संग्रहालयाच्या संचालक आणि 1998 साली पर्यटनमंत्री झाल्या. ‘क्वीन ऑफ द पॅसिफिक’ ठरलेल्या नेलिया सांचो राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांच्याविरोधी चळवळीत उतरल्या, लष्करी कायद्याच्या काळात तुरुंगात गेल्या आणि नंतर जपानी सैन्याने लैंगिक गुलामीत ढकललेल्या फिलिपिनो आज्यांसाठी लढल्या. मिस वर्ल्ड स्पर्धेत देशाकडून उतरलेल्या माइता गोमेस भूमिगत झाल्या होत्या. या दोघींचा मार्ग डाव्या चळवळीचा, मोरान यांचा संस्थांमधून काम करण्याचा. दोन्ही मार्गांबद्दल आदर ठेवता येतो, पण एकीचं धाडस दुसरीच्या नावावर घालू नये. ‘सौंदर्यवती ते क्रांतिकारक’ असं शीर्षक मोरान यांच्या लेखाला देणं म्हणजे गोमेस यांच्याकडून काढून घेणं.

काळाची चौकट

स्पर्धेच्या परिच्छेदात पोशाखाऐवजी काळ घाला. मार्कोस यांनी सप्टेंबर 1972 मध्ये लष्करी कायदा पुकारला. ऑक्टोबरमध्ये मिंदानाओतल्या मारावीत उठाव झाला. जुलै 1973 मध्ये मोरान जिंकल्या. फेब्रुवारी 1974 मध्ये सैन्य आणि मोरो, म्हणजे दक्षिणेतल्या मुस्लिम, बंडखोरांच्या लढाईत होलो हे शहर जळून खाक झालं. त्याच वर्षी 21 जुलैला मनिलाने मिस युनिव्हर्स स्पर्धा भरवली. त्यासाठी मनिला उपसागरात भराव घातलेल्या जमिनीवर फोक आर्ट्स थिएटर अवघ्या काही महिन्यांत उभं केलं होतं. तिथे मोरान यांनी स्पेनच्या आम्पारो मुन्योसला मुकुट घातला.

होलोची राख आणि मनिलातला झगमगाट यांमध्ये पाचच महिने. ही दोन वाक्यं शेजारी ठेवा आणि थांबा. ‘हे पाहून त्यांचं मन हेलावलं’ असं तिसरं वाक्य जोडायचा मोह होतो. त्यांनी तसं स्वतः म्हटल्याचं तुमच्या हाती नसेल तर ते वाक्य तुमचं आहे, त्यांचं नाही. हयात व्यक्तीच्या मनातलं लिहिण्याचा अधिकार लेखकाला नसतो.

कलासंस्था: ‘अध्यक्ष’ या शब्दाचा सापळा

कलेच्या भागात सगळ्यात जास्त चुका एका मराठी शब्दामुळे होतात. प्रेसिडेंट, चेअरपर्सन, राष्ट्रप्रमुख, तिन्ही आपल्याकडे ‘अध्यक्ष’. फिलिपाइन्सच्या सांस्कृतिक केंद्रात प्रेसिडेंट हा रोजचा कारभार पाहणारा कार्यकारी प्रमुख असतो आणि विश्वस्त मंडळाचं प्रमुखपद वेगळं. मोरान-फ्लोइरेंदो यांनी तिथे विश्वस्त मंडळाचं प्रमुखपद सांभाळलं. बॅले फिलिपीन्समध्ये त्या प्रेसिडेंट होत्या. दोन्हीकडे ‘अध्यक्ष’ लिहिलंत तर वाचकाला वाटेल की कामही एकच. म्हणून ‘विश्वस्त मंडळाच्या अध्यक्ष’ आणि ‘संस्थेच्या कारभारी प्रमुख’ असे दोन वेगळे शब्दप्रयोग करा. आणि आजोबांबाबत कायम ‘राष्ट्राध्यक्ष’.

दुसरी चूक त्यांना नृत्यांगना किंवा नृत्यदिग्दर्शक करून टाकण्याची. बॅले फिलिपीन्स 1969 साली उभी राहिली ती ॲलिस रेयेस यांच्यामुळे, ज्यांना 2014 साली नृत्यासाठी राष्ट्रीय कलावंत हा सन्मान मिळाला. कोणतं नृत्य बसवायचं, कोण नाचणार, हा कलादिग्दर्शकाचा प्रांत. प्रेसिडेंटचं काम वेगळं आणि वाचकाला सहसा अपरिचित: निधी उभारणं, प्रायोजक टिकवणं, नर्तकांचे पगार वेळेवर होतील हे पाहणं, हंगामाचं अंदाजपत्रक, दौऱ्यांचे करार. बॅलेत हा खर्च सतत चालू असतो. पॉइंट शूजचं टोक कापड, कागद आणि सरसाचे थर देऊन कडक केलेलं असतं. घामाने आणि वजनाने ते मऊ पडतं, आणि मोठ्या प्रयोगात मुख्य नर्तकीचा जोड एका रात्रीतही निकामी होतो. मऊ पडलेल्या टोकावर उभं राहिलं की घोटा दुखावण्याचा धोका, म्हणून जुना जोड ओढूनताणून चालवता येत नाही. असा एखादा तपशील घातला की ‘निधी उभारला’ या कोरड्या शब्दांमागे काय असतं ते वाचकाला दिसतं.

वास्तूबद्दल दोन-तीन वाक्यं जरूर लिहा. सांस्कृतिक केंद्राची मुख्य इमारत लेआंद्रो लोक्सिन यांनी आखली आणि 8 सप्टेंबर 1969 रोजी ती खुली झाली. काँक्रीटचा प्रचंड आडवा ठोकळा जमिनीपासून सुटून तरंगत असल्यासारखा दिसतो. समोरून जातो तो रोहास बुलेवार्ड, म्हणजे मोरान यांच्या आजोबांच्या नावाचा रस्ता. आणि 1974 साली जिथे त्यांनी मुकुट उतरवला ते फोक आर्ट्स थिएटर याच संकुलात आहे. इतकं जुळून आलेलं असताना विशेषणं लागत नाहीत. ‘नियतीचा खेळ’ हे शब्द हाताशी येतील, ते बाजूला ठेवा. जानेवारी 2023 पासून मुख्य इमारत नूतनीकरणासाठी बंद झाली, तेव्हा ‘आजही तिथे प्रयोग रंगतात’ असं लिहिण्याआधी ताजी स्थिती पाहा.

पदाच्या कालावधीची वर्षं मुलाखतींतून उचलू नका. मुलाखतीत ‘मी दहा वर्षं होते’ हे अंदाजाने बोललं जातं. संस्थेचा वार्षिक अहवाल किंवा प्रयोगाची छापील पुस्तिका पाहा. तिच्या पहिल्या-दुसऱ्या पानावर त्या हंगामाच्या विश्वस्तांची यादी असते. दोन सलग हंगामांच्या पुस्तिका मिळाल्या की नेमणूक कोणत्या वर्षी झाली ते नक्की होतं.

शांतताकार्य

हा लेखाचा गाभा, आणि इथे ढिसाळपणा परवडत नाही, कारण त्या भागात माणसं मेली आहेत.

आधी नकाशा. मिंदानाओ हे फिलिपाइन्सचं दक्षिणेकडचं मोठं बेट. दावाओ शहर आणि समोरचं सामाल बेट तिथेच आहे. मोरान लग्नानंतर ज्या फ्लोइरेंदो घराण्यात गेल्या, त्यांची केळीची शेती आणि सामालवरचं पर्ल फार्म हे रिसॉर्ट या दावाओ भागात. पण दावाओ बांगसामोरो या मुस्लिमबहुल स्वायत्त प्रदेशात येत नाही. ‘मिंदानाओ’ आणि ‘बांगसामोरो’ एकमेकांच्या जागी वापरू नका. स्वायत्त प्रदेशाचा नकाशा वापरणार असाल तर तो 2024 नंतरचा घ्या, कारण त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सुलू प्रांत प्रदेशाबाहेर काढला. होलो याच सुलूमध्ये आहे.

मग माणसं. तिथे तीन समाज धरून बोलतात: मुस्लिम मोरो, मुस्लिम नसलेले मूळ रहिवासी लुमाद, आणि उत्तरेकडून येऊन वसलेले ख्रिस्ती. ‘हिंदू-मुस्लिम दंगलीसारखंच’ अशी तुलना वाचकाला सोपी वाटते, पण ती लुमाद लोकांना चित्रातून पुसून टाकते आणि जमिनीचा प्रश्नही झाकते. वसाहतीच्या लाटांमुळे मोरो आणि लुमाद आपल्याच भूमीत अल्पसंख्य झाले, भांडणाचं मोठं मूळ तिथे आहे. ‘मोरो’ हा शब्द स्पॅनिश लोकांनी हिणवण्यासाठी वापरला होता. पुढे त्याच समाजाने तो अभिमानाने स्वीकारला, त्यामुळे वापरायला हरकत नाही.

मग गट. मोरो राष्ट्रीय मुक्ती आघाडी आणि मोरो इस्लामी मुक्ती आघाडी यांच्या लघुरूपांत एकाच अक्षराचा फरक आहे, म्हणून लघुरूपं टाळा, पूर्ण नाव लिहा. पहिलीशी 1976 साली त्रिपोलीत आणि 2 सप्टेंबर 1996 रोजी अंतिम करार झाला. दुसरी तिच्यातून फुटलेली. तिच्याविरुद्ध 2000 साली राष्ट्राध्यक्ष एस्त्रादा यांनी सर्वंकष युद्ध पुकारलं आणि जुलैमध्ये तिचा अबुबकर तळ सैन्याने घेतला. लाखो लोक घरदार सोडून निघाले. तिच्याशी सर्वसमावेशक करार 27 मार्च 2014 रोजी झाला. अबू सय्याफ हा तिसरा गट, तो या करारांत नाही. आणि कम्युनिस्टांची न्यू पीपल्स आर्मी ही वेगळीच लढाई.

आता स्त्रियांचा भाग. मिंदानाओ कमिशन ऑन विमेन 2001 साली उभं राहिलं. त्यात आयरीन सांतियागो पुढे होत्या, आणि मोरो, लुमाद, ख्रिस्ती अशा तिन्ही समाजांतल्या स्त्रिया होत्या. मोरान-फ्लोइरेंदो त्यांपैकी एक. ‘कमिशन’ म्हटल्यावर मराठी वाचकाला सरकारी आयोग वाटतो. ती स्वयंसेवी संस्था आहे, हे त्याच वाक्यात सांगा. पार्श्वभूमीला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा ठराव क्रमांक 1325 लागतो, 31 ऑक्टोबर 2000 चा. शांततेच्या वाटाघाटींत स्त्रियांना जागा हवी, असं त्याने म्हटलं.

स्त्रियांचा गट नेमकं काय करतो, हे समजावण्यासाठी दोन स्थानिक शब्द फार उपयोगी पडतात. एक ‘बाक्विट’. लढाई पेटली की घर सोडून शाळेत, मशिदीत, रस्त्याकडेला ताडपत्रीखाली राहणारी माणसं. शब्द इंग्रजी ‘इव्हॅक्युएट’वरून आला आणि तिथल्या बोलीत पक्का झाला. दुसरा ‘रिदो’, म्हणजे दोन कुळांमधलं पिढ्यान्‌पिढ्या चालणारं खुनाचं वैर. याला ‘भाऊबंदकी’ म्हणू नका, कारण भाऊबंदकी एका घराण्याच्या आत असते. ‘कुळवैर’ बरं. रिदोची ठिणगी कधी जमिनीच्या बांधावरून, कधी निवडणुकीतून पडते, आणि एका कुळातला माणूस बंडखोरांत व दुसऱ्यातला निमलष्करी दलात असला की कुळाचं भांडण बघता बघता शस्त्रसंधी मोडून टाकतं. बदल्याच्या भीतीने पुरुष घराबाहेर पडेनासे होतात, अशा वेळी दोन्हीकडे ये-जा करू शकतात त्या बहुधा बायकाच. शांतता गटांत स्त्रिया का लागतात याचं हे जमिनीवरचं कारण आहे. ‘स्त्री मुळातच शांतताप्रिय’ असल्या वाक्याची गरज उरत नाही.

एका सापळ्याकडे मुद्दाम लक्ष वेधायचं आहे. मे 2001 मध्ये अबू सय्याफने पर्ल फार्मवर हल्ला केला. तिथले दोन कामगार मारले गेले. कमिशनही 2001 चंच. लेखकाचा हात लगेच लिहून मोकळा होतो: ‘या हल्ल्याने त्यांना शांततेच्या मार्गावर आणलं.’ वर्ष एक असलं म्हणून एक गोष्ट दुसरीचं कारण ठरत नाही, आणि 2000 चं युद्ध तर त्याआधीच घडलं होतं. हल्ल्याची तारीख द्या, मेलेल्या दोन कामगारांचा उल्लेख करा (असल्या लेखांत बहुधा मालकाचंच नाव येतं), आणि कमिशनचं वाक्य वेगळ्या परिच्छेदात ठेवा.

2014 च्या कराराचं श्रेयही जपून वाटा. सरकारच्या बाजूने मुख्य वाटाघाटीकार होत्या प्राध्यापक मिरियम कोरोनेल-फेरर. बंडखोर गटाशी अंतिम करारावर सही करणाऱ्या जगातल्या पहिल्या स्त्री मुख्य वाटाघाटीकार म्हणून त्यांचं नाव घेतात. मोरान-फ्लोइरेंदो त्या टेबलावर नव्हत्या. त्यांच्यासारख्यांचं काम टेबलाबाहेर, जनमत तयार करण्याचं आणि तीन समाजांना एकत्र बसवण्याचं. ‘करार घडवून आणला’ लिहिलंत तर एका बाईचं काम दुसरीला दिलंत, आणि जी खरी भूमिका होती तीही झाकली गेली.

एक परिच्छेद दुरुस्त करून

असा परिच्छेद नेहमी दिसतो: ‘विश्वसुंदरी मार्गी मोरान यांनी ग्लॅमरच्या दुनियेला रामराम ठोकून युद्धग्रस्त मिंदानाओत शांतता प्रस्थापित केली. उत्तम नृत्यांगना असलेल्या मार्गी आज सांस्कृतिक केंद्राच्या अध्यक्षा आहेत.’

दोन वाक्यांत पाच चुका: किताब, उच्चार, ‘प्रस्थापित केली’, ‘नृत्यांगना’ आणि ‘आज’. शिवाय पहिल्या नावाने एकेरीच्या अंगाने उल्लेख. अथेन्सच्या मुलीला चालून गेलं असेल, सत्तरी ओलांडलेल्या बाईंना नाही. आडनाव आणि ‘त्या’ वापरा. दुरुस्त केल्यावर: ‘1973 च्या मिस युनिव्हर्स मार्जी मोरान-फ्लोइरेंदो मिंदानाओ कमिशन ऑन विमेन या स्वयंसेवी संस्थेत मोरो, लुमाद आणि ख्रिस्ती स्त्रियांसोबत शांततेसाठी काम करू लागल्या. मनिलात त्यांनी बॅले फिलिपीन्सचा कारभार पाहिला आणि पुढे सांस्कृतिक केंद्राच्या विश्वस्त मंडळाचं अध्यक्षपद भूषवलं.’ शब्द थोडे वाढले, पण आता प्रत्येक क्रियापद तपासता येतं.

लेख पूर्ण झाल्यावर स्पर्धेचा परिच्छेद तात्पुरता कापून बाजूला ठेवा आणि उरलेलं कुणाला तरी मोठ्याने वाचायला द्या. ऐकणाऱ्याला त्या काय काम करतात हे दोन वाक्यांत सांगता आलं, तर परिच्छेद परत जागेवर चिकटवा. नाही आलं, तर पुन्हा वार्षिक अहवाल उघडा. छायाचित्र निवडतानाही हाच न्याय लावा. 1973 चं मुकुटाचं चित्र आत, लहान. वर मोठं चित्र विश्वस्त मंडळाच्या बैठकीतलं किंवा रंगमंचामागचं, खाली वर्ष आणि ठिकाण लिहून.